पेटीमास्तर आणि सोनेगावची म्हातारी

गेल्या महिन्यात वर्धा रोडनं ऑटोत बसून घरी येत होतो. दिवस मावळत आला होता. विमानतळाची भिंत सुरू झाली तसा ऑटोवाल्यानं वेग वाढवला.

"काहून गा, घाई आहे का?" मी विचारलं.

"घाई नाही काका. पण सांजच्या टायमाले इथून हळू नाही जाऊ. म्हातारी दिसते."

"कोणती म्हातारी?"

"शाल घेतलेली. भिंतीच्या कडेकडेनं वाकून चालते. दोनदा खोकते अन् 'हं' म्हणते. माझ्या साळ्यानं पाह्यली. तोंडावर दाढी होती म्हणे."

"म्हातारीला दाढी?"

"भूतच ते काका. त्याले काय, दाढी का अन् मिशी का."

ही गोष्ट मी पन्नास वर्षं ऐकतो आहे. कधी ती म्हातारी विमानाच्या पंख्यात सापडून मेलेली असते, कधी तिचा मुलगा विमानानं गेलेला असतो आणि परत आलेला नसतो. मी दरवेळी गप्प बसून ऐकलं. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, दाढी करवून घेताना ऐकलं, माझ्याच घरात नातवाच्या तोंडून ऐकलं. आता मी थकलो आहे आणि खरं काय ते माहीत असलेला दुसरा कोणी उरलेला नाही. ती म्हातारी नव्हती. तो एक पुरुष होता, आणि त्याला तिथे चालायला मी लावलं होतं.

आम्ही सगळे त्यांना पेटीमास्तर म्हणायचो. नवखा माणूस हे नाव ऐकून बाजाची पेटी दुरुस्त करून घ्यायला त्यांच्याकडे जायचा आणि अंगणातूनच परत फिरायचा. ते कुत्र्यामांजरांना विमानानं धाडायचं काम करत. पेटी स्वतः बनवायचे, जनावर काही दिवस घरी ठेवून घ्यायचे, त्याला पेटीची सवय लावायचे आणि विमानात चढेपर्यंत सोबत राहायचे. सत्तर सालाच्या आधीचा तो काळ. रात्री चारी दिशांची टपालविमानं नागपुरात एकत्र येत, पोती बदलत आणि आपापल्या दिशेला परत जात. मद्रासचं कुत्रं दिल्लीला निघालं तरी त्याला नागपुरात विमान बदलावं लागे. कामठीच्या फौजी साहेबांच्या बदल्या होत, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली कुटुंबं देश सोडून जात. अशा लोकांना मास्तरांवाचून गत्यंतर नव्हतं.

मी तेव्हा विमानतळावर मालाच्या खात्यात कारकून होतो. नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. पहिल्यांदा मास्तरांकडे गेलो तो एका पेटीचं माप विचारायला. सोनेगावच्या तळ्यापलीकडे त्यांचं एकट्याचं घर होतं. दार सताड उघडं होतं. अंगणात भिंतीला लागून लहानमोठ्या पेट्या मांडलेल्या, आणि प्रत्येक पेटीला भोकं. मे महिन्याचं ऊन होतं. मी हाक मारली.

"बसा," असं उत्तर आलं. माणूस दिसेना.

"कुठे आहात?"

"पेटीत."

मी चारी बाजूंना पाहिलं. एका मोठ्या पेटीच्या भोकातून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते.

"बाहेर येता का?"

"अजून घाम नाही सुटला," पेटी म्हणाली. "घाम कव्हा सुटते ते पाहून राहिलो. फौजी साहेबाचं अल्सेशियन आहे, त्याले माझ्याहून जास्त केस आहेत."

मी पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. उंच, वाकलेले, पांढरी दाढी छातीपर्यंत. माप सांगितलं आणि पुन्हा आत जायला निघाले. मला तेव्हा कळलं की मघापासून इतर पेट्यांमध्येही कुणीतरी आहे. सहा-सात जनावरं असावीत. परक्या माणसानं येऊन हाक मारली होती, पण एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. सगळी भोकांतून बघत होती, मास्तर बघत होते तशीच.

त्यांचं एक म्हणणं ठरलेलं असायचं. "जनावर जात नसते, बाबू. धाडलं जाते. माणसाले तिकीट असते, जनावराले फक्त वजन असते." गुंगीचं औषध ते कधी देत नसत. कोराडीला वीजघराचं काम सुरू होतं, तिथले एक इंजिनियर आपली मांजर दिल्लीला पाठवायची म्हणून विचारायला आले होते. त्यांनी विचारलं, "झोपेची गोळी दिली तर?"

"पोचते," मास्तर म्हणाले. "पण पुरी नाही पोचत."

"म्हणजे?"

"थोडी मागं राहते. इथंच कुठंतरी."

इंजिनियर हसले, पण गोळीचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना त्यांनी विचारलं, "घाबरेल का हो ती?"

"तुमाले विमानाची भीती वाटते?"

"थोडी वाटते."

"मंग घरी गेले की तिच्यासमोर जास्त बसू नका."

त्यांची काम करायची रीत निराळीच होती. जनावरासोबत मालकाचं अंगावरचं, न धुतलेलं कापड ते मागून घेत. ते झाकणाच्या मडक्यात ठेवत, वास उडू नये म्हणून. रोज संध्याकाळी ते कापड स्वतः अंगावर घेत आणि अंगणात चालत. नुसतं चालत नसत, मालकासारखं चालत. मालक घरी यायचा तेव्हा मास्तर त्याला पाहत बसत: पाय कसा टाकतो, नाक कसं शिंकरतो, उठताना गुडघ्यावर हात ठेवतो का. एकदा मी गेलो तर कामठीचे कर्नल साहेब अंगणात पाठमोरे उभे. मी चटकन सावरून उभा राहिलो. ते वळले आणि दाढी दिसली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मास्तर मला ओळखत नसल्यासारखे बघत होते. क्षणभरानं त्यांनी कर्नलचा शर्ट काढला, घडी घातली आणि मडक्यात ठेवला. मग म्हणाले, "बाबू, कव्हा आले?"

आणि एक नियम होता. जनावराचं नाव त्यांना सांगायचं नाही. मालकानं नाव स्वतःजवळ ठेवायचं, विमानतळावर पेटीची गाठ बांधून झाली की भोकाला तोंड लावून एकदाच हाक मारायची, आणि मग थेट उतरल्यावर. मालक हाक मारायचा तेव्हा मास्तर दूर जाऊन कानात बोटं घालून उभे राहत, लहान मुलासारखे. आमचे हमाल हसायचे.

मी विचारलं होतं, "यात काय आहे मास्तर?"

"आपल्या घरून कोणी निघालं की मागून हाक मारता का?"

"नाही."

"काहून नाही मारत?"

"मारू नये म्हणतात."

"तेच. जाणाराचा पाय मागं फिरते. माणूस तरी ठेचकाळून पुढं जाते. जनावर नाही जात." मग त्यांनी पेटीवर हात थोपटला. "एकदा पेटी त्याचं घर झाली का दार उघडं टाका, तो बाहेर नाही येणार. पण नाव घेतलं का येते. कोणीही घेतलं तरी."

दार उघडं टाकलं तरी तो बाहेर येणार नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली.

बाई आल्या त्या पुढल्या उन्हाळ्यात. मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. कलकत्त्याला भाचा होता, तो त्यांना कायमचं तिकडे बोलावून घेत होता. तब्येत नाजूक म्हणून विमानानं. सोबत एक कुत्रा होता, अगदी गावठी, काळा, एक कान मुडपलेला. आमचा हमाल सुखदेव म्हणाला, "अबे, हे तर कॉटन मार्केटमधलं बेनं. हे विमानानं जाते अन् आपण सायकलनं." पण बाईंनी भाच्याला सांगितलं होतं, तो येणार नसेल तर मीही येणार नाही. तोच एक त्यांच्याशी बोलायचा, असं त्या म्हणाल्या.

मास्तरांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. बाईंची तपकिरी शाल मडक्यात ठेवली. बाईंना कोरडा खोकला होता. दोनदा खोकायच्या आणि शेवटी 'हं' म्हणायच्या, वर्गात मुलीचं उत्तर बरोबर आल्यावर म्हणत असतील तसं. मी एकदा संध्याकाळी तळ्याकडून येत होतो. अंगणातून तो खोकला ऐकू आला, 'हं' ऐकू आलं. बाई भेटायला आल्या असतील असं वाटलं. आत पाहिलं तर शाल पांघरून, पाठीत वाकून मास्तर चालत होते आणि काळा कुत्रा त्यांच्या पायाला पाय लावून मागे चालत होता.

कलकत्त्याचं विमान दुपारचं होतं आणि निघायच्या दिवशी त्याला उशीर होता. मालाच्या शेडमध्ये मास्तरांनी शाल पेटीत अंथरली, कुत्रा आपणहून आत गेला, त्यांनी गाठ बांधली. ती गाठ त्यांची स्वतःची होती, तीन फेऱ्यांची, शेंडा आत दडवलेला. मला त्यांनी ती एकदा हौसेनं शिकवली होती. मग ते लांब गेले आणि कानात बोटं घातली. बाई वाकल्या, भोकाला ओठ लावले आणि नाव घेतलं. मी जवळच उभा होतो. मला ते ऐकू आलं.

बाई प्रवाशांच्या खोलीत गेल्या. मास्तर त्यांची बॅग घेऊन सोबत गेले. हमाल जेवायला गेलेले. शेडमध्ये मी आणि पेटी.

मी गाठ सोडली. दुसरं काही कारण नव्हतं. कुत्र्याला पाणी होतं, सावली होती. मास्तरांचं म्हणणं खरं आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झालो.

तो बाहेर आला नाही. शालीवर पुढचे पाय ठेवून बसला होता. बाहेर ऊन, मैदान, सगळं मोकळं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. खरं होतं तर. एवढ्यावर दार लावलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं.

मी हळूच त्याचं नाव घेतलं.

तो उठला. शेपूट हलवत बाहेर आला, माझ्यापर्यंत आला, हात हुंगला. तो हात त्याच्या माणसाचा नव्हता. त्याच वेळी बाहेर सामानाचा ट्रॅक्टर सुरू झाला. कुत्रा बिचकला आणि सुटला. मी धावलो. त्याला मागून मोठ्यानं हाक मारली. धावपट्टीच्या कडेला तो थांबला, वळून पाहिलं, आणि पलीकडच्या झुडपांत शिरला.

विमानाची वेळ झाली होती. हमाल परत येत होते. मी शाल काढून माझ्या कपाटात टाकली. का, ते आजही सांगता येत नाही. पेटीत ती रिकामी पडलेली मला बघवली नसावी. मग दार लावलं आणि गाठ बांधली. तीन फेऱ्या, शेंडा आत. कुत्रा संध्याकाळपर्यंत सापडेल, दुसऱ्या विमानानं पाठवू, असं मनात म्हणत होतो.

पेटी उचलताना सुखदेव म्हणाला, "बाबू, हालून नाही राहिलं हे. झोपलं का?"

"औषध दिलंय," मी म्हणालो.

कुत्रा काही सापडला नाही. कलकत्त्याहून ट्रंक कॉल आला. पेटी बंद, गाठ जशीच्या तशी, आत काही नाही. गाठ बाईंनी स्वतः सोडली होती, दार उघडून आत हात घातला होता. भाचा एवढंच सांगू शकला. बाई पुढे फार दिवस जगल्या नाहीत, असं कळलं.

मास्तरांना ऑफिसात बोलावलं. ते माझ्याकडे वळले.

"बाबू, गाठ तुमी पाह्यली होती?"

"हो."

"दार?"

"बंद होतं."

"शालही नाही?"

"नाही म्हणतात."

ते खाली जमिनीवर बसले. इतक्या हळू बसले की मला वाटलं पडताहेत.

त्यानंतर गावात काय काय बोललं गेलं. सुखदेवनं औषधाचं सांगितलं. कोणी म्हणालं मास्तर जनावरं विकतात. कोणी म्हणालं करणी करतात, मालकांचे कपडे उगाच मागतात का. त्यांच्या पेट्यांमध्ये काय आहे हे बघायला पोरं भिंतीवर चढू लागली. जनावरं येणं थांबलं. पण मास्तरांना त्यातलं काहीही टोचत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट खात होती. बंद पेटीतून, न सुटलेल्या गाठीतून, शालीसकट एक जीव गेला कुठे?

एके दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. तीच पेटी, कलकत्त्याहून परत आलेली, अंगणात होती. ते अंग मुडपून आत बसले.

"बांधा गाठ. अन् बाहेर बसा. मी निघतो का पाहा."

मी गाठ बांधली. पायरीवर बसलो. आतून हालचाल नाही, श्वासाचा आवाज नाही. ऊन पेटीवरून सरकत गेलं. भोकांत डोळे दिसेनात. हळूहळू मला वाटायला लागलं की आत कोणी नाही. मी गाठ सोडेन आणि पेटी रिकामी असेल, आणि मग मी ते कुणाला सांगणार? हाक मारायचा धीर होईना. शेवटी गाठ सोडली. मास्तर डोळे उघडे ठेवून बसले होते, घामानं निथळत.

"नाही निघता येत, बाबू," ते म्हणाले. "मंग तो कसा गेला?"

त्यांनी दोरी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"तुमची गाठ माझ्यासारखीच बसते," ते म्हणाले. "काही फरक नाही."

ते एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ मी आजवर लावतो आहे.

काही दिवसांनी मी ती शाल रात्रभर उशाशी घेऊन विचार केला आणि सकाळी मास्तरांच्या दारात टाकून आलो. कुणी पाहिलं नाही. त्यामुळे कोडं सुटेल, त्यांना कळेल की कुत्रा इथेच आहे, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. बंद पेटीतून नाहीशी झालेली शाल आपल्या दारात येऊन पडते, याचा त्यांनी एकच अर्थ लावला. तो वाटेत आहे. परत येतो आहे.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी शाल पांघरून निघायचे. तळ्यापासून विमानतळाच्या कुंपणाच्या कडेनं वर्धा रोडपर्यंत. बाईंसारखं वाकून, बाईंचा पाय टाकत. नाव ठाऊक नव्हतं. बाईंच्या गल्लीत जाऊन त्यांनी विचारलं होतं. गल्लीतले त्याला काळू म्हणायचे, पण बाई घरात वेगळ्याच नावानं बोलवत, ते कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून त्यांच्याजवळ होतं तेवढ्यानंच ते बोलवत. दोनदा खोकायचे. 'हं' म्हणायचे. थांबून ऐकायचे. पुन्हा पुढे.

ट्रकवाल्यांनी त्यांना पाहिलं, सायकलवाल्यांनी पाहिलं, आणि म्हातारीची गोष्ट तयार झाली.

माझी नोकरी कायम झाली. लग्न झालं. मास्तर चालतच राहिले, काही वर्षं. मग अंथरुणाला लागले. मी भेटायला गेलो. अंगणातल्या पेट्यांची दारं सगळी उघडी होती.

"बाबू," ते म्हणाले, "बाईनं हाक मारली तव्हा तुमी जवळ होते ना?"

"होतो."

"मी कानात बोटं घातली होती." ते जरा हसले. "त्या दिवशी नसती घातली तर बरं झालं असतं. नाव आलं असतं कानावर. हाक मारून पाह्यली असती." मग माझा हात धरला. "तुमाले ऐकू आलं का?"

नाव सांगायला काय हरकत होती? नुसतं नाव सांगून काहीच उघड झालं नसतं. पण ते नाव मी त्या शेडमध्ये घेतलं होतं, आणि मला वाटलं की पुन्हा तोंडातून निघालं तर त्याच्यामागून बाकी सगळं निघेल.

"नाही," मी म्हणालो.

"असो," ते म्हणाले. त्या आठवड्यात ते गेले.

ऑटोवाल्याकडून पुन्हा ती गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या भिंतीकडे गेलो. आता तिथे झुडपं नाहीत, उंच भिंत आहे, पलीकडे दिवे आहेत. संध्याकाळ होती. गाड्या जात होत्या. भिंतीला तोंड लावल्यासारखा उभा राहिलो आणि कुत्र्याचं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

मागून कोणीतरी दोनदा खोकलं. कोरडं. मग 'हं' ऐकू आलं.

मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. तसाच चालत घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

पेटी चांगली होती. गाठ चांगली होती. दार उघडं होतं तरी तो आतच बसून राहिला होता, अगदी मास्तर म्हणायचे तसा. हे मी त्यांना सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगतो आहे. तुमच्यापैकी कोणी संध्याकाळी त्या रस्त्यानं जात असेल आणि शाल घेतलेली म्हातारी दिसली, तर वेग वाढवू नका. मागून हाक मारू नका. पुढे जाऊन तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, त्याचं नाव 'पाहुणा' होतं.

त्यांना तेवढंच हवं आहे.